पासंग

बाजाराने मराठीला जे शब्द दिले, त्यांत ‘पासंग’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. दोन्ही पारडी रिकामी असताना तराजूचा काटा एका बाजूला झुकत असेल, तर हलक्या पारड्याला दगडाचा किंवा लोखंडाचा तुकडा बांधून जो फरक भरून काढतात, तो पासंग. एखाद्या माणसाची दुसऱ्याशी बरोबरीच होऊ शकत नाही, तेव्हा आपण म्हणतो, ‘तो याच्या पासंगालाही पुरायचा नाही.’ परंतु शब्दाचा मूळ अर्थ अधिक गंभीर आहे. वजन करण्यापूर्वी तराजूचे स्वतःचे म्हणणे काय आहे ते समजून घ्या, असे तो आपल्याला बजावतो.

पालघरच्या मासळीबाजारात आता विजेचे काटे आले. सातपाटीहून पापलेटांच्या पाट्या घेऊन येणाऱ्या मावश्यांपुढे ते काटे असतात आणि तांबडे आकडे लुकलुकतात. तरीही जुन्या वळणाची गिऱ्हाईक बाई मासा काट्यावर ठेवू देण्याआधी म्हणतेच, “मावशी, आधी शून्य दाखव.” मावशीही न रागावता दाखवते. ‘तुझा माझ्यावर विश्वास नाही का?’ असे ती विचारीत नाही. काट्याचे शून्य पाहणे हा तिचा अपमान नव्हे. तो व्यवहाराचा रिवाज आहे, हे दोघींनाही ठाऊक असते.

मला कोडे पडते ते असे: पावशेर कोळंबीच्या बाबतीत आपल्याला जे इतके सहज जमते, ते मोठ्या गोष्टींच्या बाबतीत का जमू नये? कोणी म्हणतो, मी असे औषध शोधले. कोणी म्हणतो, मी असे यंत्र केले. कोणी म्हणतो, आपल्या पूर्वजांनी अमुक साधले होते. त्याला आपण ‘आधी शून्य दाखव’ म्हटले, की सभा एकदम गार पडते. पुरावा मागणारा माणूस कोत्या मनाचा, नास्तिक, मत्सरी ठरतो. शंका घेणे हा खरोखर अपमान आहे काय? की तोही एक प्रकारचा आदर आहे? या प्रश्नाचा विचार करताना मला गेल्या काही वर्षांत गाजलेल्या एका इंजिनाची गोष्ट फार उपयोगी पडली. दिवाळीच्या दिवसांत अग्निबाण घरोघरी असतातच; तेव्हा इंजिनाची गोष्ट अगदीच अप्रस्तुत होणार नाही.

अग्निबाण वर का जातो? त्याच्या शेपटीतून जळता वायू जोराने खाली फेकला जातो, म्हणून बाण वर जातो. काही मागे टाकल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असा सृष्टीचा कायदा आहे. सातपाटीचा नाखवा वल्ह्याने पाणी मागे लोटतो, तेव्हा होडी पुढे सरकते. तोच नाखवा होडीत बसून होडीच्याच नाळेला कितीही जोराने रेटू लागला, तर दमेल. होडी जागची हलणार नाही. डहाणू लोकलचे प्रवासी तर याचा अनुभव रोज घेतात. डब्यात आतून एवढी रेटारेटी चालते, पण त्या जोरावर गाडी पालघरहून केळव्याला पोहोचल्याचे कोणी ऐकलेले नाही. शाळेच्या पुस्तकात याला संवेग अक्षय्यतेचा नियम म्हणतात. न्यूटनच्या काळापासून त्याने कोणालाही सवलत दिलेली नाही.

अवकाशात जाणाऱ्या यानाची मोठी अडचण हीच आहे. मागे फेकण्यासाठी लागणारा माल आपल्याबरोबर न्यावा लागतो, त्याचे ओझे होते, आणि ते ओझे वाहण्यासाठी आणखी माल लागतो. रॉजर शॉयर नावाच्या एका इंग्रज इंजिनिअराने 2001 साली कंपनी काढली आणि सांगितले की, हा सगळा व्याप टाळता येतो. तांब्याचे एक बंद भांडे घ्या, एका तोंडाला रुंद, दुसऱ्याला अरुंद, साधारण बादलीसारखे. आत मायक्रोवेव्ह लहरी सोडा. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये असतात त्याच जातीच्या. लहरी भांड्याच्या भिंतींवर आपटतील, रुंद तळावर अधिक जोर देतील, अरुंद तळावर कमी, आणि भांडे एका दिशेला सरकू लागेल. बाहेर काही फेकायचे नाही, इंधनाची टाकी नाही. वीज असली की झाले. ‘एमड्राइव्ह’ हे त्या यंत्राचे नाव.

नाखव्याने होडीत बसून होडी रेटावी, तसाच हा प्रकार. बहुतेक पदार्थवैज्ञानिकांनी मान हलवली. परंतु नुसती मान हलवून भागत नाही, आणि या गोष्टीतले मला आवडलेले भाग इथूनच सुरू होतात. काही लोकांनी भांडे खरोखरच बनवले आणि तराजूवर चढवले.

अमेरिकेत नासाच्या ह्यूस्टन येथील केंद्रात ‘ईगलवर्क्स’ नावाची एक लहानशी प्रयोगशाळा होती. हॅरल्ड व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे निर्वात पेटीत हे यंत्र तपासले, आणि 2016 च्या नोव्हेंबरात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांना जोर आढळला. किती? एक किलोवॉट विजेमागे 1.2 मिलिन्यूटन. प्रत्यक्षात त्यांनी वीज पुष्कळ कमी वापरली होती, त्यामुळे हाती आलेला जोर तांदळाच्या एखाद्या बारीक दाण्याच्या वजनाइतका होता. वाडा कोलमचा एक दाणा! हसण्याचे कारण नाही. अवकाशात तेवढा जोरही वर्षानुवर्षे मिळत राहिला, तर यान दूरच्या ग्रहांपर्यंत जाईल. शिवाय नुसता प्रकाशाचा झोत मागे सोडला, तर एका किलोवॉटमागे 3.3 मायक्रोन्यूटन एवढाच जोर मिळतो, हे गणित पक्के आहे. त्याच्या सुमारे साडेतीनशे पट जोर काहीही बाहेर न टाकता मिळत असेल, तर पदार्थविज्ञानाची पुस्तके पुन्हा छापावी लागतील. वर्तमानपत्रांनी मथळे दिले, आणि मंगळाच्या सफरीचे दिवस मोजले जाऊ लागले.

पण त्याच प्रयोगशाळेतली 2014 सालची एक हकीकत मला मथळ्यांपेक्षा अधिक बोलकी वाटते. तिथे याच कुळातल्या दुसऱ्या एका यंत्राची चाचणी झाली होती. त्याच्या शोधकाचे म्हणणे असे, की भांड्याच्या आत कोरलेल्या खाचांमुळे जोर निर्माण होतो. म्हणून दोन भांडी केली. एक खाचांचे, एक बिनखाचांचे. खाचांच्या भांड्याने जोर दाखवला, आणि बिनखाचांच्यानेही दाखवला! मासळीबाजारातल्या बाईने हे पाहिले असते तर ती लगेच म्हणाली असती, “काटा रिकामाच चालतोय गो!” यंत्राच्या उत्साही चाहत्यांनी मात्र याचा अर्थ असा लावला, की खाचांचीसुद्धा गरज नाही, यंत्र वाटले होते त्याहून अद्भुत आहे. मनाला एकदा पासंग लागला, की प्रतिकूल पुरावादेखील अनुकूल पारड्यात कसा जाऊन बसतो, याचे इतके सुंदर उदाहरण शोधून सापडणार नाही.

चीनमध्ये शिआन येथील विद्यापीठात यांग ज्वान या बाईंनी या यंत्रावर कित्येक वर्षे काम केले होते, आणि नासाच्या आकड्याहून कितीतरी मोठा जोर मिळाल्याचे प्रसिद्धही केले होते. त्यांचे नाव या यंत्रामुळेच जगभर झाले. पुढे त्यांनी एक साधी गोष्ट केली. बाहेरून तारेने वीज देण्याऐवजी विजेचा पुरवठा यंत्रावरच बसवला, म्हणजे तारेचा ताण आणि तिचे तापणे हा प्रश्नच उरू नये. मोजता येईल असा जोर उरला नाही. आणि हे त्यांनी स्वतःच छापून जाहीर केले. मला या बाईंविषयी अतिशय आदर वाटतो. दुसऱ्याचा पासंग कोणीही दाखवील. ज्या तराजूने आपल्याला मोठे केले, त्याच तराजूचा पासंग चारचौघांत सोडून दाखवायला निराळे काळीज लागते.

शेवटचा निकाल जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात लागला. तिथल्या विद्यापीठातले मार्टिन टाइमार या विषयाकडे तुच्छतेने पाहणारे नव्हेत. उलट असे काही सापडावे अशी आस असलेले गृहस्थ. त्यांनी तराजूच इतका सुधारला, की यंत्रापेक्षा तराजूचीच कीर्ती व्हावी. 2018 साली त्यांना दिसले, की भांड्यात जाणाऱ्या लहरी जवळजवळ बंद केल्या तरी ‘जोर’ तसाच राहतो. तेव्हा तो भांड्याचा नव्हेच. विजेच्या तारेभोवतीचे चुंबकत्व आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांची ती आपसातली खेचाखेच असावी. 2021 साली त्यांनी शेवटची तपासणी जाहीर केली. यंत्र तापते, तापल्याने त्याचे भाग किंचित फुगतात, आणि ते ज्या तऱ्हेने तराजूवर टांगले असते त्यामुळे काटा सरकतो. टांगण्याची तऱ्हा बदलली, आणि जोर नाहीसा झाला. जो काही असेल तो प्रकाशाच्या झोताच्या जोराहूनही कमी, म्हणजे पूर्वीच्या दाव्याच्या शंभर पटींहून खाली. वीस वर्षे गाजलेले इंजिन अखेर पासंगाला बांधलेला दगड निघाले.

आता घराजवळची गोष्ट सांगतो. पालघर तालुक्यात विज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली. माझा एक जुना विद्यार्थी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे काम करतो. हात अतिशय कसबी. सहा-सात वर्षांपूर्वी तो माझ्याकडे आला, तो याच इंजिनाचे वेड घेऊन. तांब्याचे दहा-बारा लिटरचे निमुळते भांडे त्याने स्वतः ठोकून केले होते, जुन्या ओव्हनचा लहरी निर्माण करणारा भाग त्याला जोडला होता, आणि सगळे जाड जाळीच्या पेटीत बंद करून एका जाणत्या वायरमनच्या देखरेखीखाली तो चालवीत असे. (हे घरी करण्याचे काम नव्हे, त्या लहरी आणि तो विजेचा दाब, दोन्ही जिवावर बेतणारे आहेत.) “सर, चालू केलं की ग्रॅमभर हलकं होतं,” तो म्हणाला, “नासाच्या शंभरपट!” नोकरी सोडून तो पूर्ण वेळ याच्या मागे लागणार होता. त्याचे वडील त्याच्यासाठी डहाणूकडची चिकूची लहानशी वाडी विकायला निघाले होते. ते मला एकट्याला गाठून म्हणाले, “मास्तर, पोराचं खरं आहे का, एवढंच सांगा.”

हा प्रश्न अवघड. ‘खोटे आहे’ म्हणावे, तर पंचविशीतल्या पोराची उमेद माझ्या एका शब्दाने मोडायची, आणि तीही केवळ माझ्या वयाच्या अधिकाराने. ‘खरे असेल’ म्हणावे, तर वाडी जायची. मी म्हणालो, “माझ्या सांगण्याला काय किंमत? आपण तराजूलाच विचारू.”

मी मुलाला एकच अट घातली. प्रत्येक चाचणीच्या आधी काय होईल ते वहीत लिहायचे, आणि मग बटण दाबायचे. भांडे उलटे टांगले तर काय होईल? त्याने लिहिले, ‘जोर खाली लागेल, वजन वाढेल.’ त्याच्याच सिद्धांताप्रमाणे ते बरोबर होते. भांडे उलटे केले. ते पुन्हा ग्रॅमभर हलकेच झाले. मग लहरी न सोडता भांड्यात नुसता विजेचा दिवा लावून ते तेवढेच तापवले. तरीही हलके झाले. तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला आणि त्या दिवशी चहा न घेताच गेला.

कारण दिवाळीच्या फिरत्या कंदिलाचेच होते. आतली ज्योत हवा तापवते, हलकी झालेली हवा वर जाते, आणि कागदाची चित्रे गरगर फिरतात. दहा लिटरच्या भांड्यात जवळजवळ बारा ग्रॅम हवा असते. ती तीस अंशांनी तापली की फुगून त्यातली ग्रॅमभर फटींतून बाहेर पडते. काटा खोटे बोलत नव्हता. भांडे खरोखरच हलके होत होते. पण आकाशात जाण्यासाठी नव्हे.

दोन महिन्यांनी पोरगा पुन्हा आला. मला वाटले, रुसवा काढायला आला असेल. तो आला होता तिसरी चाचणी सांगायला. सगळ्या फटी झाळून भांडे हवाबंद केले, तर हवा बाहेर पडणार नाही. मग हलकेपणा जवळजवळ जायला हवा, असे त्याने घरीच लिहून ठेवले होते. तसेच झाले. मला त्या वेळी वाटलेला आनंद सांगता येणार नाही. त्याचे यंत्र गेले होते. पण पासंग ओळखणारी नजर त्याला आली होती, आणि ती कोणी विकत घेऊ म्हटले तर चिकूच्या दहा वाड्यांनाही मिळायची नाही.

ही सवय आपल्याकडे का रुजत नाही? मला वाटते, आपल्याला काही गोष्टी खऱ्या असायला हव्या असतात. शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव मराठी घरांत पुष्कळांनी ऐकलेले असते. 1895 साली त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे विमान उडवले, राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, असे अभिमानाने सांगितले जाते. तळपदे वेदविद्येचे अभ्यासू होते, ध्यासाचा माणूस होते, यात मला शंका नाही. पण यंत्र शिल्लक नाही, पडताळून पाहता येतील अशी मोजमापे नाहीत. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा या संदर्भात हवाला देतात, तो पंडित सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सांगून लिहवलेला. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी 1974 साली तो तपासला, आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष काढला. त्यांनी ग्रंथ हसून बाजूला टाकला नाही. आकृती मांडल्या, वजने आणि आकार यांचे गणित केले, आणि मग मत दिले. हाच खरा आदर. तरी 2015 च्या जानेवारीत मुंबईला भरलेल्या विज्ञान परिषदेत प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच. तळपद्यांवर प्रेम असलेल्यांनी वास्तविक म्हणायला हवे, ‘या, शून्य दाखवतो.’ ते म्हणतात, ‘तुम्हाला देशाचा अभिमान नाही.’ तराजूविषयीच्या प्रश्नाला गिऱ्हाइकाच्या चारित्र्याविषयीचे उत्तर मिळाले, की समजावे, पारड्याखाली काहीतरी बांधलेले आहे.

यावर कोणी विचारील, राइट बंधूंवर तरी लोकांनी कुठे विश्वास ठेवला होता? संशयी लोकांचे ऐकले असते तर विमान झाले असते का? प्रश्न रास्त आहे. 17 डिसेंबर 1903 ला ते उडाले, आणि पुढे कित्येक वर्षे युरोपात त्यांना थापाडे समजत होते. पण त्यांनी संशयाला काय उत्तर दिले? 8 ऑगस्ट 1908 रोजी फ्रान्समध्ये ल मान गावाजवळ विल्बरने सर्वांसमक्ष विमान उडवले. दोन मिनिटेही झाली नसतील, वाद संपला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांच्याइतके संशयी दुसरे कोणी नव्हते. त्यांची तरफडी नीट उडेना, तेव्हा त्यांनी 1901 साली स्वतःची वाऱ्याची पेटी बांधली, तीत पंखांचे दोनशेच्या आसपास लहान नमुने तपासले, आणि आपण ज्या कोष्टकांवर विसंबलो होतो त्यांचीही झडती घेतली. म्हणजे ते उडाले ते लोकांच्या शंकेला न जुमानता नव्हे, स्वतःच्या शंकेला पुरून उरून उडाले.

मोठ्या प्रयोगशाळांनाही यातून सुटका नाही. 2011 च्या सप्टेंबरात इटलीतल्या एका मोठ्या गटाला न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशाहून वेगाने, 60 नॅनोसेकंद लवकर पोहोचताना दिसले. त्यांनी डंका पिटला नाही. ‘आमची चूक आम्हाला सापडत नाही, तुम्ही शोधून द्या,’ असे जगाला सांगितले. पुढल्या वर्षी एक सैल बसलेली केबल सापडली. त्या गटाची चेष्टा झाली, पण मला तरी त्यात चेष्टेचे काही दिसत नाही. आइन्स्टाइन विरुद्ध एक सैल जोडणी असा तो खटला होता, आणि त्यांनी जोडणी तपासली.

आमच्या पलीकडेच तारापूरचे अणुवीज केंद्र 1969 पासून वीज देत आहे. गावातली माणसे त्याच्या भिंतींमागे काय चालते ते पाहू शकत नाहीत. त्यांना आत मोजमापे करणाऱ्यांच्या शब्दावर जगावे लागते. अशा जागी राहणाऱ्याला एक गोष्ट इतरांहून लवकर कळते. विश्वास आणि तपासणी एकमेकांचे वैरी नव्हेत. कोणीतरी रोज काटा शून्यावर आणून पाहतो, एवढ्यासाठीच बाकीच्यांनी निर्धास्त झोपावे. ज्या दिवशी तो पाहणार नाही, त्या दिवशी आपला विश्वास म्हणजे नुसती सवय होईल.

म्हणून शंका घेणे हा अपमान आहे काय, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे: शंका कशी घेतली यावर ते अवलंबून आहे. न तपासता ‘थोतांड आहे’ म्हणणारा आणि न तपासता ‘खरेच आहे’ म्हणणारा, दोघेही तराजूला हात न लावता भाव ठरवतात. ज्याला आपण तपासतो, त्याच्याविषयी आपण निदान एवढे मानलेले असते, की हा खरा असू शकेल. खोट्याच्या मागे कोणी इतका वेळ घालवीत नाही. माणसावर माया असेल तर त्याच्या वाडीची, त्याच्या वर्षांची काळजी वाटते. आणि ती काळजी ‘चल, आधी शून्य पाहू’ याच शब्दांत व्यक्त व्हावी लागते. हे शब्द मऊपणाने म्हणता येतात. मासळीबाजारातल्या बाईला ते येतात, मावशीला ते खुपत नाहीत. आपल्यालाही जमायला हरकत नाही.

आणि सर्वांत शेवटी स्वतःला विचारावे. कोणते मत मला इतके प्रिय आहे, की त्याच्याविरुद्धचा पुरावाही मी त्याच्याच पारड्यात टाकतो? दिवाळीत आपण माळ्यावरचे सामान खाली काढतो, कोनाडे झाडतो, पितळी भांडी चिंचेने घासतो. मनातला तराजूही एकदा खाली उतरवून, रिकामी पारडी उजेडात धरून पाहायला काय हरकत आहे? काटा हलला, तर लाजण्याचे कारण नाही. पासंग प्रत्येकाच्याच तराजूला असतो. तो किती आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याच्या वजनावर मात्र लोकांनी निश्चिंतपणे विसंबावे.